व्ह्यूज लाखाचे, ऐकणारे किती?



अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एक तरुण गेल्या महिन्यात आमच्याकडे आला. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. मुलगा आमच्याच विहारातला. १४ एप्रिलला त्याच्या पहाडी आवाजाशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही. ठेकेदाराकडचा कामगार. तुटपुंज्या पगारातून वाचवून त्याने स्वतः लिहिलेले भीमगीत उल्हासनगरच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केले आणि यूट्यूबवर टाकले.

आठ दिवसांत व्हॉट्सअॅपवर निरोप आला. 'आमच्या कमिटीने तुमचे गाणे निवडले आहे. एक लाख व्ह्यूज, स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये जागा, चॅनेलवर मुलाखत.' आधी नोंदणीचे १,९९९ रुपये, मग प्रमोशनचे ७,५००, मग कराच्या नावाखाली २,२५०. एकूण ११,७४९. यातला मोठा वाटा आईच्या भिशीचा. व्ह्यूज मात्र खरोखरच लाखावर गेले. घरी पेढे वाटले गेले.

आम्ही पडलो कारकून. आकडा दिसला की ताळा घेतल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या चॅनेलची आतली माहिती उघडून पाहिली. गाणे पाहिले एक लाख चार हजार वेळा. खाली अभिप्राय नऊ, त्यातले सहा वस्तीतल्यांचेच. पाहणारे बहुतेक परदेशातले, जिथे मराठीचा गंधही नाही. पाहण्याचा सरासरी वेळ अकरा सेकंद. आणि गाण्यात मुखड्याआधी ढोलकी-पेटीच पंधरा सेकंद वाजते! म्हणजे या लाखातल्या बहुतेकांनी पोराचा आवाजही ऐकला नव्हता. पुढे यूट्यूबनेच हे व्ह्यूज मोजणीतून वजा केले. कंपनीचा फोन तेव्हापासून बंद आहे.

हा धंदा चालतो असा. संगणकाच्या आज्ञावलीने किंवा मांडून ठेवलेल्या शेकडो मोबाईलवर गाणी नुसती फिरवत ठेवायची. ऐकायला माणूस नसतोच. २०२० च्या जुलैमध्ये पार्श्वगायिका भूमी त्रिवेदी यांनी आपल्या नावाने चाललेल्या खोट्या इन्स्टाग्राम खात्याची तक्रार केली. त्या तपासात पैसे घेऊन बनावट फॉलोअर्स आणि व्ह्यूज विकणारी टोळी मुंबई पोलिसांच्या हाती लागली. अशा व्ह्यूजनी कमाई तर होत नाहीच, उलट गाणेच गोत्यात येते. स्पॉटिफायने २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याचे पैसे देणे बंद केले, आणि उघड बनावट वाजवणी सापडली तर दंड लावायला सुरुवात केली. स्पॉटिफायच्या स्वतःच्या संपादकांकडे नवे गाणे विचारार्थ पाठवायला मात्र कलावंताला एक पैसाही पडत नाही. गाणे प्रसिद्ध होण्याआधी, शक्यतो किमान सात दिवस आधी, ते आपल्या खात्यातून पाठवावे लागते, इतकेच.

पैसे गेले याचे दुःख आहेच. पण आमच्या काळजात धस्स झाले ते वेगळ्याच कागदाने. 'करारनामा' म्हणून मोबाईलवर आलेल्या इंग्रजी मजकुरावर त्याने न वाचता सही करून पाठवली होती. त्यात गाण्याचे सर्व हक्क कायमचे, साऱ्या जगासाठी कंपनीला दिले होते. कॅसेटच्या जमान्यात हेच होत होते. एकरकमी चार पैसे हातावर ठेवायचे, गाणे कंपनीचे. कवी कोण, हे कव्हरवर छापले तर छापले. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत शेवटी 'वामन' ही नाममुद्रा येते. कव्हर फाटले, नाव गाळले, तरी कवी गाण्यातून पुसला जात नाही.

आज कायद्याचाही आधार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा राखून ठेवला आहे. सही करूनही तो कंपनीला देऊन टाकता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. मात्र 'कायमचे' असे लिहिलेल्यावर सही झाली की भांडण लांबते, म्हणून वाचल्याशिवाय सही नको.

आता थोडे आपल्याच लोकांविषयी. हा मुलगा जाळ्यात का सापडला? जयंतीच्या बैठकीत एका पदाधिकाऱ्याने त्याला विचारले होते, "तुझे व्ह्यूज किती?" मानधनाचा विषय तिथेच संपला. डीजेला आपण हजारो रुपये मोजतो आणि गायकाला शाल देतो. पोराने व्ह्यूज विकत घेतले ते आपल्यालाच दाखवायला. आम्हीही त्या बैठकीला होतो आणि गप्प बसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

सायबर तक्रारीच्या १९३० क्रमांकावर त्याने फोन केला, पण महिना उलटल्यावर. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तरच रक्कम खात्यात अडवता येण्याची आशा असते. लाजेने त्याने घरी सांगितले नव्हते. आईला अजून ठाऊक नाही.

कराराची प्रत आम्ही कल्याणच्या एका वकील मित्राला दाखवली आहे. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो. आणखी कुणी अशा कागदावर सही केली असेल तर त्याची झेरॉक्स आणि पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन यावे. ऐकायला आम्ही असूच. गाणेही घेऊन या.