उजनीतलं उन्हाळी बेट

उजनी धरण ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी आली, की सोलापूर रस्त्यावरच्या शेतकऱ्याचा जीव खाली-वर होतो. त्याच सुमारास दौंडकडून भिगवणच्या दिशेनं दुचाक्या निघतात. शिरूरची मंडळी न्हावरा-चौफुला करत येऊन त्यांना मिळतात. भिगवण मागे टाकलं, की पळसदेव. तिथं मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात पाण्यातून एक शिखर वर आलेलं असतं. चारी बाजूंना पाणी, मधोमध पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ.

हे बेट माणसानं केलेलं आहे. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि फुगवट्याखाली जुनं पळसदेव गेलं. गाव वर सरकलं, नव्या गावठाणात नवं देऊळ झालं. जुनं जिथल्या तिथं राहिलं. त्याला बुडवणारं पाणी लांबचं नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि शिरूरला जिनं घोडनदी हे नाव दिलं ती घोडही दौंडच्या वरच्या अंगाला भीमेतच येते. धरणात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि त्यालाही हात लागला की साठा उणे मोजला जातो. देऊळ उघडं पडतं ते अशा तहानलेल्या वर्षी. तिथल्या प्रत्येक छायाचित्रात एक दुष्काळही असतो, हे विसरून चालणार नाही.

सुरुवातीला मच्छीमारांच्या होडीतून जावं लागतं. पाणी आणखी हटलं, की भेगाळलेल्या गाळावरून चालत. बहुतेकांच्या हाती मोबाइलच असतो आणि तो पुरेसा आहे. फसवतं ते ऊन. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असताना काळ्या दगडावरचं कोरीवकाम सपाट दिसतं. मोबाइल काळा दगड उजळवू पाहतो आणि आभाळ पांढरंफट्ट होऊन जातं. सकाळी साडेसात-आठला मात्र तिरपं ऊन भिंतीला घासून जातं. प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते, झिजलेली नक्षीही बोटानं चाचपावी तशी कळते. पडद्यावर दगडाला बोट लावून उजेड थोडा कमी केला, की विटांच्या शिखराचे थरही सुटे दिसू लागतात.

पण जवळपास प्रत्येकाचं चित्र एकच: मावळता सूर्य, पाणी, काळं पडलेलं शिखर. सुंदर आहेच. तरी देवळाची खरी गरज दुसरी आहे. वारंवार भिजणं आणि तापणं यात सांधे सुटतात, विटा निखळतात. तोच कोपरा, त्याच अंतरावरून, तारखेसह, देऊळ वर येईल त्या दर उन्हाळ्यात कुणी टिपला, तर किती गेलं ते दाखवता येईल. हेन्री कझन्स यांच्या दख्खनमधल्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१ च्या ग्रंथात पेडगावचं लक्ष्मीनारायण मंदिर आहे. पेडगाव म्हणजे दौंड तालुक्याच्या समोर, भीमेच्या पलीकडच्या काठावरचं गाव. त्या ग्रंथातलं पान आणि आजची भिंत शेजारी ठेवून पाहता येतात, ही केवढी मोठी सोय! पळसदेवच्या वाट्याला असं पान शिरूर-दौंडच्या पोरांच्या मोबाइलमधूनच यायचं.

म्हणून सेल्फीसाठी शिखरावर चढणाऱ्याला खाली उतरवलंच पाहिजे. त्याच्या पायाखालची वीट कित्येक शतकांची आहे, आणि ती पडली तर पुन्हा बसवायला कुणी येणार नाही.

जून सरतो, घाटमाथ्यावर पाऊस धरतो. मग दौंडला भीमेचा विसर्ग किती हजार क्युसेक, याची चौकशी गावोगाव सुरू होते. आकडा फुगत जातो तसं आधी अंगण जातं, मग दारं, मग भिंतीवरची नक्षी. शेवटी शिखराचा शेंडा तेवढा उरतो आणि होड्या पुन्हा त्याच्या बाजूनं जायला लागतात.