जॅझचा बास ड्रम आणि ‘खास’ मायक्रोफोनचा आग्रह

बास ड्रम रॉकचा असो वा जॅझचा, त्याच्यासाठी बनवलेला खास मायक्रोफोन बाजारात असताना दुसरा शोधत बसणे ही निव्वळ हौस होय, असे मत ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात ठामपणे मांडले जाते. हे मत मांडणाऱ्यांनी खोक्यावरचे नाव वाचले आहे, वाद्य ऐकलेले नाही.

एकेजी डी ११२ किंवा शुअर बीटा ५२ए यांसारख्या मायक्रोफोनांचा खासपणा त्यांच्या घडणीतच बसवलेल्या चढउतारात आहे. ते खोल खर्ज आणि ४००० हर्ट्झच्या आसपासचा टोकदार आघात उचलून धरतात आणि या दोहोंमधला पट्टा तुलनेने मागे राहतो. ज्याच्या पुढच्या पानाला, म्हणजे ताणून बसवलेल्या पडद्याला, भोक आहे आणि ज्याच्या पोटात उशी कोंबली आहे, अशा २२ इंची रॉक ड्रमला हे शोभते, कारण त्याला नाद नकोच असतो, ठोका हवा असतो. जॅझमध्ये मात्र १९४०च्या दशकात केनी क्लार्क यांच्यासारख्या वादकांनी लय राखण्याचे मुख्य काम राइड झांजेकडे सोपवले आणि बास ड्रमकडे दोन कामे उरली: अवचित दिलेले ठळक आघात आणि ‘फेदरिंग’, म्हणजे ऐकू येण्यापेक्षा जाणवावी अशी, पायाने हळुवार धरलेली चाल. यासाठी रूढ झालेला १८ इंची ड्रम दोन्ही पाने अखंड ठेवून चढा लावतात, त्यामुळे त्याला स्पष्ट स्वर आणि लांबणारी आस असते, आणि ही आस नेमकी त्या मागे पडलेल्या पट्ट्यात राहते. तिथे खास मायक्रोफोन लावणे म्हणजे डग्ग्याचा घुमारा पुसून नुसती थाप ऐकवणे होय.

पुढच्या पानाला भोक पाडा, हा जुना तोडगा यावर पुन्हा पुढे येतो, आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे: भोकातून हवा निसटते, आस तुटते, आणि वादकाने कानाने लावलेला स्वर तंत्रज्ञाच्या सोयीसाठी बळी जातो. उणा पट्टा नंतर वाढवता येतो खरा, पण त्याबरोबर शेजारच्या वाद्यांचा शिरकावही वाढतो. शिवाय, उचललेला खर्ज जवळच्या डबल बासलाही फुगवतो, ज्याची खालची तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते.

म्हणून निवड सपाट प्रतिसादाच्या मायक्रोफोनची करावी. इलेक्ट्रो-व्हॉइस आरई २० जवळ आणल्यावरही खर्ज फारसा फुगवत नाही, तर न्यूमन यू ४७ फेटसारखा कंडेन्सर फेदरिंगचा हलका स्पर्शही टिपतो. निवडलेला मायक्रोफोन पुढच्या पानापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, मध्यापासून किंचित बाजूला ठेवावा आणि ड्रमसंचाचे मुख्य चित्र त्याच्या वर टांगलेल्या मायक्रोफोनांच्या जोडीकडे सोपवावे. त्या जोडीपर्यंतच्या दर जादा मीटरला ध्वनी सुमारे ३ मिलिसेकंद मागे पडतो, तेव्हा बास ड्रमच्या मायक्रोफोनची ध्रुवता उलटसुलट करून पाहावी आणि ज्या बाजूला ड्रमचा स्वर भरून येईल ती कायम करावी.