रूळ उखडले, पण जमीन कोणाची?

सायकल हे कष्टकऱ्यांचे वाहन आहे असे अभिमानाने सांगणारे अनेक कार्यकर्ते सायकलवरून सहलीला निघालेल्या माणसाकडे मात्र उपहासाने पाहतात. डोंगरपायथ्याच्या मुलखात मोटारींना मज्जाव असलेले लांबलांब मार्ग असावेत, त्यांवरून लोकांनी निर्धास्तपणे हिंडावे, अशी कल्पना कोणी मांडली, की 'हे पोटभरल्यांचे चोचले' हा शेरा ठरलेला. दुसऱ्या बाजूला पर्यटन खात्यांची गुळगुळीत पत्रके आहेत. त्यांत दगडी पूल असतात, बोगदे असतात, हसरी कुटुंबे असतात. ही कुटुंबे ज्या जमिनीवरून चालली आहेत ती जमीन आली कोठून, हा प्रश्न मात्र त्यांत नसतो. उपहास करणारा आणि जाहिरात करणारा, दोघेही तो टाळतात. समाजवाद्यांनी तो टाळता कामा नये. कारण या मार्गांचे सारे राजकारण त्या एका प्रश्नात सामावलेले आहे.

यासाठी स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातील जिरोना प्रांताचे उदाहरण तपासून पाहावे. कॅटालोनियातील हा प्रांत पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पसरलेला आहे. जिरोना शहरातून निघालेला एक मार्ग तेर नदीच्या खोऱ्यातून आमेर गावावरून वर चढतो, सुमारे सहाशे मीटरची उंची गाठतो आणि गारोत्चा या जुन्या ज्वालामुखींच्या प्रदेशातील ओलोत गावी पोहोचतो. अंतर ५४ किलोमीटर. त्याच शहरातून दुसरा मार्ग सुमारे ४० किलोमीटर जाऊन भूमध्य समुद्रावरील सांत फेलिऊ दे गिशोल्स या बंदराला मिळतो. गावांतील काही तुकडे आणि रस्त्यांची ओलांडणी सोडली, तर वाटेत मोटार आडवी येत नाही. चढ इतका सौम्य आहे, की सत्तरीचा म्हातारा आणि दहा वर्षांचे पोर दोघेही बरोबरीने जाऊ शकतात.

हा सौम्य चढ पर्यटन खात्याची देणगी नव्हे. हे दोन्ही मार्ग म्हणजे अरुंद रुळांच्या जुन्या आगगाड्यांची धाव आहे. इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून डोंगर फोडावे लागतात, भराव घालावे लागतात, नद्यांवर पूल बांधावे लागतात. समुद्राकडची गाडी १८९२ साली सुरू झाली. तिने बुचाच्या कारखान्यांचा माल बंदरात नेला. ओलोतच्या मार्गाचा पहिला टप्पा १८९५ साली खुला झाला आणि गाडी प्रत्यक्ष ओलोतला पोहोचायला १९११ साल उजाडले. या मार्गासाठी उभी राहिलेली कंपनी इंग्लिश होती. रूळ अवघे ७५० मिलिमीटर रुंदीचे होते. भांडवल कोणाचेही असो, खडक फोडला तो मजुरांनी. आज सायकलस्वाराच्या पायांना जो आराम मिळतो, तो या मजुरांच्या साठवलेल्या श्रमाचा आहे. १९३६ च्या जुलैनंतर कॅटालोनियातील रेल्वे कामगारांच्या संघटनांनी रेल्वेचा कारभार आपल्या हाती घेऊन चालवून दाखवला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. पर्यटकांच्या पत्रकांत या गोष्टीला सहसा जागा मिळत नाही.

मग या गाड्या बंद का पडल्या? 'प्रवासी मिळेनात, तोटा वाढला' हे उत्तर खोटे नाही; पण ते अर्धेच आहे. तोटा आकाशातून पडत नाही, तो धोरणातून निपजतो. फ्रँकोच्या राजवटीने १९५० साली फियाट कंपनीच्या परवान्यावर सेआत हा मोटार कारखाना उभारला. १९५७ साली त्याची 'सहाशे' ही छोटी मोटार बाजारात आली आणि मध्यमवर्गाच्या आकांक्षांचे प्रतीक बनली. पुढे स्पेनच्या अर्थव्यवस्थेवरील जागतिक बँकेच्या अहवालाने रस्त्यांना अग्रक्रम द्या, नव्या रेल्वेमार्गांत पैसा गुंतवू नका, असा सल्ला दिला आणि बांधून होत आलेले काही मार्गही सोडून देण्यात आले. एका बाजूला सरकारी पैशाने रस्ते रुंद करायचे, दुसऱ्या बाजूला जुन्या डब्यांना रंगसुद्धा द्यायचा नाही आणि मग गाडी तोट्यात चालते म्हणून हळहळायचे! १९६९ साली जिरोनाच्या या दोन्ही गाड्या थांबल्या. लोकांना मत विचारण्याची पद्धत त्या राजवटीत नव्हतीच.

पण सारा दोष हुकूमशाहीच्या माथी मारून समाजवाद्यांना मोकळे होता येणार नाही. १९८२ साली स्पेनमध्ये फेलिपे गोन्झालेझ यांच्या नेतृत्वाखाली समाजवादी पक्षाचे सरकार आले. त्याच सरकारच्या काळात, १ जानेवारी १९८५ रोजी, देशातील सुमारे ९०० किलोमीटरचे रेल्वेमार्ग एका फटक्यात बंद करण्यात आले. निकष तोच, हिशेबवहीतील तूट. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईने दवाखाना कसा गाठावा, शाळकरी मुलाने तालुक्याला कसे जावे, याला त्या वहीत रकाना नव्हता. पुढे १९९२ साली त्याच सरकारने माद्रिद ते सेव्हिया अशी अतिवेगवान गाडी मोठ्या थाटात सुरू केली. महानगरांना वेग मिळाला आणि खेड्यांना मोटारीच्या दारात उभे करण्यात आले. समाजवाद्यांच्या हातून नफ्यातोट्याच्या त्याच तराजूने लोकांच्या गरजा मोजल्या गेल्या, हे कटू सत्य मित्रपक्षाबद्दलच्या आदरापोटी लपवण्यात अर्थ नाही.

तरीही एक गोष्ट वाचली आणि तीच आज महत्त्वाची आहे. रूळ गेले, पण रुळांखालची बरीचशी जमीन विकली गेली नाही. १९९३ साली स्पेनमध्ये 'हरित मार्ग' ही सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा देशात वापराबाहेर गेलेल्या किंवा अपुऱ्या राहिलेल्या मार्गांची लांबी साडेसात हजार किलोमीटरहून अधिक भरली. रेल्वेची जमीन स्थानिक व प्रादेशिक संस्थांच्या हवाली करून आजपर्यंत तीन हजारांहून अधिक किलोमीटरचे मार्ग तयार झाले. जिरोनात हे काम सार्वजनिक संस्थांच्या संयुक्त मंडळाने सांभाळले. ती चिंचोळी पट्टी १९७० च्या सुमारास तुकड्यातुकड्याने शेजारच्या जमीनदारांना आणि बांधकामवाल्यांना विकली गेली असती, तर आज कितीही पैसा ओतून हा मार्ग जोडता आला नसता. जमिनीची पट्टी एकदा तुटली की ती कायमची तुटते. सार्वजनिक मालकी म्हणजे आळस आणि नासाडी असे ज्यांना वाटते, त्यांनी या मार्गावरून एकदा सायकल चालवावी.

चोचल्यांच्या आक्षेपालाही येथेच उत्तर मिळते. जिरोनाला लागून साल्त नावाचे गाव आहे. स्थलांतरित कामगारांची तेथे मोठी वस्ती आहे. त्या टप्प्यावर परदेशी पाहुण्यांबरोबर गावचीच माणसे चालतात, सायकली हाकतात. रस्ता सुरक्षित असला की गरीबही तो वापरतो. किंबहुना ज्याच्याकडे मोटार नाही, त्यालाच त्याची गरज अधिक असते. सुट्टी, मोकळी हवा आणि डोंगर हे श्रीमंतांनीच भोगावेत असा कोठे कायदा आहे? आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या चळवळीने उरलेल्या तासांचे काय करायचे याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

धोका दुसरीकडे आहे. मार्ग सार्वजनिक आणि त्यावरची कमाई खाजगी, अशी विभागणी होऊ लागते. २०२४ साली बार्सिलोना, मायोर्का आणि कॅनरी बेटे येथील रहिवासी पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध मोर्चे काढून रस्त्यावर उतरले; पाहुण्यांसाठी घरे आणि रहिवाशांना घरे नाहीत, ही त्यांची तक्रार होती. याच्या उलट, ओलोतच्या परिसरातच १९८२ साली 'ला फाजेदा' ही सहकारी संस्था निघाली. मनोरुग्णांना आणि मतिमंदांना सन्मानाचे काम देण्यासाठी ती निघाली आणि दह्याच्या उत्पादनावर नावारूपाला आली. पायथ्याच्या मुलखाला पर्यटकांच्या खिशावर अवलंबून न राहता जगता येते, याचा हा पुरावा आहे. जुनी स्थानके, खानावळी, भाड्याच्या सायकली अशा संस्थांच्या हाती का असू नयेत?

महाराष्ट्राला या साऱ्याचा थेट संबंध आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर आहे. तेथून मूर्तिजापूरमार्गे यवतमाळपर्यंत 'शकुंतला' धावत असे. तिचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे ओलोतच्या गाडीपेक्षा जेमतेम बारा मिलिमीटर जास्त. तीही इंग्रजी भांडवलाचीच, किलिक निक्सनची. विदर्भाचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोहोचवणे हे तिचे मूळ काम. पुढे ती गरीब प्रवाशांची गाडी झाली. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गेली काही वर्षे गाडी बंद आहे. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, लोकांनी आंदोलने केली. उद्या कोणी 'येथे हरित सायकल मार्ग करू' असा प्रस्ताव घेऊन आला, तर काय म्हणायचे?

उत्तर स्वच्छ असले पाहिजे. आधी गाडी. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या गावांना गाडी हवी आहे आणि सायकलीचा मार्ग हा गाडीच्या श्राद्धाचा पिंड होता कामा नये. जेथे जमीन पुरेल तेथे रुळांच्या कडेने सायकलीची वाट जरूर असावी. तिच्यावरून शाळेची मुले जातील, मजूर जातील आणि चिखलदऱ्याकडे निघालेले सहलीचे लोकही जातील. जेथे गाडी परत येणे खरोखरच अशक्य ठरेल, तेथे वाट व्हावी, पण पट्टी अखंड आणि सार्वजनिक राहावी. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेही १९८३ साली कायदा करून बंद रेल्वेमार्ग वाटेच्या रूपाने राखून ठेवण्याची सोय केली, ती पुढेमागे रूळ परत टाकता यावेत म्हणूनच.

भारत सरकारची दिशा याच्या नेमकी विरुद्ध आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सहा लाख कोटी रुपयांची जी 'मुद्रीकरण' योजना जाहीर झाली, तिच्या यादीत रेल्वेची स्थानके होती आणि माथेरानसह डोंगरी रेल्वेही होत्या. जे मजुरांच्या घामाने आणि जनतेच्या करातून उभे राहिले, ते भाडेपट्ट्याने कंपन्यांच्या हवाली करण्याला हे नवे नाव आहे. म्हणून विदर्भातील कार्यकर्त्यांनी बंद पडलेल्या मार्गाची मोजणी स्थानकागणिक करून घ्यावी, अतिक्रमणांची नोंद करावी आणि ग्रामसभांचे ठराव मिळवावेत. मागणी एकच असावी: या जमिनीचा एक फूटही विकला अथवा पट्ट्याने दिला जाणार नाही. त्या जमिनीवर गाडी धावेल की सायकल, याचा निर्णय गावांनी करावा. पण निर्णय करण्यासाठी आधी जमीन शिल्लक राहिली पाहिजे.