घड्याळाने हाक दिली, दार कोण उघडणार?

रामदासपेठेतील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेक ज्येष्ठांच्या मनगटावर आता स्मार्ट घड्याळ दिसते. बहुधा ते परगावी असलेल्या मुलाने किंवा मुलीने पाठवलेले असते. हृदयाचे ठोके, पावले, झोप यांची नोंद ठेवून ते ती इंटरनेटवरून दूरच्या फोनवर पोहोचवते. मी या उपकरणांचा विरोधक नाही. माझ्याही मनगटावर एक आहे आणि रुग्णाशी बोलण्यात मी गुंतलेलो असताना ते मला उठून चालण्याची आज्ञा करीत असते. परंतु गेल्या मे महिन्यातील एक प्रसंग आपणांस सांगावासा वाटतो.

फ्लॅटमध्ये एकटे राहणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात पडले. घड्याळाने आपले काम चोख बजावले. पडल्याचे ओळखून त्याने विचारणा केली आणि उत्तर न मिळताच न्यू जर्सीतील मुलाला संदेश धाडला. तेथे पहाटेचे साडेपाच वाजले होते. मुलगा जागा झाला खरा, पण शेजाऱ्यांचा क्रमांक त्याच्याकडे नव्हता आणि माझा दवाखाना दुपारी बंद असतो. अखेर एका नातेवाइकामार्फत इमारतीच्या चौकीदारापर्यंत निरोप गेला. तो धावत वर गेला, तर दाराला आतून कडी! कूलरच्या आवाजात आजोबांची क्षीण हाक बाहेर ऐकू येत नव्हती. सुतार येऊन दार उघडेपर्यंत सव्वा तास उलटला. खुब्याचे हाड मोडले होते. संदेशाने काही सेकंदांत सातासमुद्रापार प्रवास केला आणि शेवटच्या दोन इंच जाडीच्या दारापाशी तो अडला.

पडल्यानंतर जमिनीवर किती वेळ गेला, हे आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने पडण्याइतकेच महत्त्वाचे असते. दीर्घकाळ एकाच कुशीवर पडून राहिल्यास दाबाखालील स्नायूंची हानी होते, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणीही झपाट्याने घटते. म्हणून घड्याळ घेण्याआधी दाराचा विचार करावा. कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडणारे लॅचचे कुलूप वापरावे, एक किल्ली विश्वासातील शेजाऱ्याकडे ठेवावी आणि घड्याळातील पहिला क्रमांक दहा मिनिटांत पोहोचू शकणाऱ्या माणसाचा असावा. परदेशातील मुलाचा क्रमांक त्यानंतर. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा.

आणखी एक गोष्ट. बहुतेक जण घड्याळ रात्री चार्जिंगला लावतात आणि स्नानाच्या वेळी काढून ठेवतात. पडण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो, रात्री लघवीला उठताना आणि ओल्या फरशीवर. सकाळी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचताना ते चार्ज करावे. पाण्यात चालते की नाही, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे. वीज गेली की वायफायही बंद पडते, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर असलेला बरा.

आता दुसरे घर. येथील आईच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे आणि आकडे बंगळुरूच्या मुलीला दिसतात. मध्यरात्री साखर उतरल्याचा इशारा आला की मुलगी फोन करी आणि आई झोपेतून उठून साखर खाई. सकाळी रक्तातील साखर भरमसाट वाढलेली! कारण साधे होते. हा सेन्सर रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. अशा वेळी बोटाला टोचून खात्री करावी. मात्र घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा असेल, तर तपासणीसाठी न थांबता साखर द्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्वचेला न टोचताच रक्तशर्करा सांगतो असा दावा करणाऱ्या घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे.

कॅमेऱ्याविषयी थोडे कठोर बोलतो. एका घरी मुलांनी काळजीपोटी आजींच्या शयनगृहात कॅमेरा बसवला, त्यांना न विचारता. आजींनी तक्रार केली नाही. त्या लुगडे बदलायला स्नानगृहात जाऊ लागल्या, ओल्या फरशीवर, एका पायावर तोल सावरीत. पडू नयेत म्हणून लावलेल्या यंत्रानेच पडण्याची सोय करून ठेवली होती! माझ्या सांगण्यावरून कॅमेरा बैठकीत गेला. तो कधी बंद ठेवायचा, हे आता आजी ठरवतात. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्डही त्याच दिवशी बदलायला लावला, कारण तो न बदलल्यास घर परक्यांच्या नजरेस पडू शकते.

शस्त्रक्रियेनंतर आजोबा आता वॉकर घेऊन चालतात. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. घड्याळ चार्जिंगला लावून ते वर्तमानपत्र वाचत होते. दार मला शेजारच्या वहिनींनी उघडून दिले, त्यांच्याकडच्या किल्लीने.