ॲक्सेंट नको, जोर शिकवा

शाळेत आम्ही टेन्स, व्हॉइस, आर्टिकल सगळं घोकलं. शब्दात जोर कुठे द्यायचा, हे बारावीपर्यंत कुणी सांगितलं नाही. नोकरीतल्या पहिल्याच परदेशी कॉलवर मी 'डेटाबेस' म्हणालो, जोर 'बेस'वर. समोरून तीनदा 'सॉरी?' आलं. शब्द बरोबर होता, वाक्य बरोबर होतं. चुकला तो जोर.

'ग्रीनहाऊस' घ्या. जोर 'ग्रीन'वर दिला तर रोपं वाढवायचं काचघर. 'हाऊस'वर दिला तर नुसतं हिरवं घर. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो टिपतच नाही. यात आपली अक्कल कमी नाही. धडाच शिकवलेला नाही.

आणि धडा अवघडही नाही. आधी सांधा शोधा: हॉट-हाऊस. टी आणि एच शेजारी असूनही इथे 'थ' होत नाही, कारण मध्ये सांधा आहे. मग बहुतेक जोडनामांत जोर पहिल्या भागावर: पासवर्ड, कीबोर्ड, डेडलाईन. अपवाद आहेतच. 'ॲपल केक'मध्ये जोर 'ॲपल'वर, 'ॲपल पाय'मध्ये मात्र 'पाय'वर. ते ऐकून ऐकून बसतात.

पण क्लासवाले विकतात काय? अमेरिकन ॲक्सेंट! 'र' गोल करा, 'ट' मऊ करा. कशासाठी? माझा 'ट' मराठीच राहू दे, त्यानं कुणाचं काही अडत नाही. अडतं ते जोरापाशी. तेवढं शाळेतच शिकवा, म्हणजे पुढच्या पोरांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटणार नाही.