फॉर्म १६ नाही? फीची पावती जपा, पण आधी हिशेब करा

उल्हासनगरचे जीन्स कारखाने असोत की अंबरनाथ-बदलापूर एमआयडीसीतली छोटी युनिटं, फॉर्म १६ वेळेवर हातात येतोच असं नाही. आला तरी मुलांच्या कॉलेजच्या फीचा त्यात उल्लेख नसतो, कारण मालकाकडे पावत्या वेळेत दिलेल्या नसतात. मग घरात समज होतो की करसवलत गेली. हा समज चुकीचा आहे.

कलम ८०सीची सवलत भरलेल्या फीवर आहे, फॉर्मवर नाही. कॉलेजची पावती आणि बँकेची नोंद जवळ असेल तर रिटर्न भरताना दावा स्वतः करता येतो. पगाराचा आकडा पगारपत्रक आणि बँक पासबुकातून काढता येतो, कापलेला टीडीएस पोर्टलवर २६एएसमध्ये दिसतो.

अटी मात्र नीट बघा. फक्त दोन मुलं, भारतातलं पूर्णवेळ शिक्षण आणि फक्त ट्यूशन फी. डेव्हलपमेंट फी, डोनेशन, होस्टेल, खाजगी क्लास यात येत नाहीत. पीएफ, विमा धरून एकूण मर्यादा दीड लाख. आपल्याकडे अनेक घरांत चाचा किंवा मामा फी भरतात. पुतण्या-भाच्यांच्या फीवर त्यांना सवलत नाही. स्कॉलरशिपमधून भरलेली किंवा शासनाने माफ केलेली फीही दाखवता येत नाही. व्याज नको म्हणून शैक्षणिक कर्ज न घेणाऱ्या घरांना कलम ८०ईचा उपयोग नाही, म्हणून ८०सीकडे त्यांचं लक्ष जास्त असतं.

पण खरा प्रश्न पुढे आहे. ८०सी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतं, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत साधं उत्पन्न करमुक्त आहे. पगारदाराला ७५ हजारांची वजावट धरून १२ लाख ७५ हजार. म्हणजे आपल्या भागातल्या बहुतेक पगारदार घरांना फीचा दावा करायची गरजच नाही. त्याहून जास्त कमाई आणि घरकर्ज, घरभाडं अशा मोठ्या वजावटी असतील तरच जुनी प्रणाली तपासा. ती निवडायची तर रिटर्न मुदतीतच भरा. धंदा करणाऱ्यांना फॉर्म १०-आयईएही भरावा लागतो.

"रिफंड काढून देतो, पावती नको" म्हणणाऱ्या एजंटपासून मात्र दूर राहा. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध देशभर मोहीम उघडली. खोटा दावा सिद्ध झाला तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड बसतो, आणि नोटीस एजंटच्या नव्हे, तुमच्या नावावर येते.

त्यामुळे रिटर्न भरण्याआधी पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन्ही प्रणालींचा कर काढून बघा, आणि पावत्यांची एक फाईल घरात ठेवा.