स्वस्तातला प्रवास आणि महागातला धडा



दिवाळीची सुट्टी लागली की शिक्षकाच्या घरात दोन विषय निघतात. एक पेपर तपासण्याचा आणि दुसरा कुठेतरी जाऊन येण्याचा. पहिला रडतखडत का होईना पार पडतो, दुसरा मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो. या खेपेला तसे झाले नाही, याचे श्रेय आमच्या भाच्याला.

हा आमच्या आपाचा मुलगा, वय सव्वीस. घरी बसून लॅपटॉपवर लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती तयार करतो. नोकरी नाही, मालक नाही, महिन्याचा ठरावीक पगारही नाही. एखाद्या महिन्यात तीस हजार येतात, एखाद्या महिन्यात सात. तरीही वर्षातून तीनदा पाठीला पिशवी लावतो आणि कुठेतरी जाऊन येतो. दुलाभाईंना हे पटत नाही. "तुम्ही शिक्षिका आहात, तुमचे ऐकेल. बीएड करायला सांगा, नाहीतर कुठेतरी चिकटायला सांगा," असे त्यांनी आम्हाला सुट्टीआधी दोनदा फोनवर बजावले होते. आम्हीही शब्द दिला होता. प्रवासात चार गोष्टी समजावून सांगू, असे मनाशी ठरवलेही होते.

ठरले ते सोलापूरहून विजापूर. आता अधिकृत नाव विजयपुरा, पण आमच्या अम्मीच्या तोंडी अजून विजापूरच. अंतर सुमारे १०० किलोमीटर. आम्ही सहा जण होतो. अम्मी, आम्ही दोघे, सोळा वर्षांची थोरली, दहा वर्षांचा धाकटा आणि भाचा.

खर्चाचा कागद भाच्याने मांडला. त्याची रीत आम्हाला आवडली. आधी "किती लागतील" असे तो विचारत नाही, "किती आहेत" असे विचारतो. आहेत त्यातले दहा टक्के अडीअडचणीला बाजूला काढतो आणि उरलेल्यात प्रवास बसवतो. एसटीच्या सवलती त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होत्या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, हे आपण सारे जाणतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. अम्मी शहात्तरच्या. पण या दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालतात, हे आमच्या ध्यानात नव्हते. हद्द ओलांडली की पुढचे पूर्ण भाडे पडते. आणि कर्नाटकात जी बायकांना मोफत बस आहे, ती तिथल्या रहिवासी बायकांना. आपले आधार कार्ड तिथे चालत नाही. "खाला, सवलत कुठे सुरू होते हे सगळे विचारतात, कुठे संपते हे कोणी विचारत नाही," भाचा म्हणाला. वाक्य साधे होते, पण पुढच्या दोन दिवसांत ते आम्हाला वेगळ्याच अर्थाने आठवले.

आता ती गोष्ट सांगायची, जी सांगायला आम्हाला संकोच वाटतो. पण या पानावर आपण एकमेकांशी खरे बोलतो.

खोलीचे काम आम्ही स्वतःकडे घेतले होते. निघायच्या तीन दिवस आधी मोबाइलवर एका लॉजचे नाव शोधले. खाली नंबर दिसला, लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. दोन खोल्या, दोन रात्री, आगाऊ २,००० रुपये. पाठवले. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. "मॅडम, तुमची नोंद झाली नाही, पैसे परत पाठवतो. मी क्यूआर पाठवला आहे, तो स्कॅन करा आणि पिन टाका, रक्कम जमा होईल." आम्ही स्कॅन केला, पिन टाकला. खात्यातून ६,५०० रुपये गेले. पुन्हा फोन लावला तर बंद.

वर्गात आम्ही मुलांना व्यवहारज्ञान शिकवतो. मोबाइल जपून वापरा म्हणून पालकसभेत भाषणही केले आहे. आणि हे असे. पण सगळ्यात जास्त टोचत होते ते वेगळेच. त्या खात्यात अम्मीचे ५,००० रुपये होते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने थोडे थोडे करून साठवलेले आणि आमच्याकडे ठेवायला दिलेले. महिन्याचा पगार यायचा होता, त्यामुळे गेले त्यात आमचे थोडे आणि अम्मीचे जास्त. ती अमानत होती. स्वतःचे पैसे गेले तर माणूस चडफडतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेले गेले तर मान वर होत नाही.

आम्ही कोणाला सांगितले नाही. स्वयंपाक केला, वाढले, भांडी घासली. चार तास असेच गेले. रात्री भाच्याने खोलीचे काय झाले म्हणून विचारले, तेव्हा आमचा चेहराच बोलला. त्याने रागावणे तर सोडाच, "असे कसे केलेत" एवढेही विचारले नाही. पहिला प्रश्न होता, "१९३० ला फोन केला का?"

बहिणींनो, हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये भरून ठेवा. १९३० ही सायबर फसवणुकीची देशभराची मदतवाहिनी आहे. याच कामासाठी केंद्र सरकारचे तक्रारीचे संकेतस्थळही आहे. आपण फोन केला की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अडवण्याचा प्रयत्न होतो. पण चोर एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात पैसे फार झपाट्याने हलवतो. म्हणून पहिला तास मोलाचा. आम्ही चार तास भांडी घासण्यात घालवले. त्या रात्री तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला. पुढे कळले की ८,५०० पैकी २,००० रुपये एका खात्यात अडवले गेले आहेत. ते मिळण्यासाठी अर्ज केला आहे, अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे गेले. लाजेने गप्प बसलो नसतो तर कदाचित आणखी काही अडले असते. चोराने आमचे पैसे नेले हे खरे, पण वेळ आम्हीच त्याला दिला.

भाच्याने मग एकच गोष्ट पक्की करून घेतली. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, स्कॅनही करावे लागत नाही. कोणी "पैसे घ्यायला पिन टाका" म्हटले, की तिथेच फोन ठेवायचा. धाकट्याने हे पाठ केले. आम्हीही केले.

प्रवास रद्द करावा असे आम्हाला वाटत होते. यांनी आणि भाच्याने तो होऊ दिला नाही. उरलेल्या पैशांत कागद पुन्हा मांडला. डबा घरचा, आगाऊ पैसे कोणालाच नाहीत, खोली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच पैसे द्यायचे. विजापूरच्या बसस्थानकाजवळ दीड तास फिरून भाच्याने दोन स्वच्छ खोल्या मिळवल्या. रात्री दोन राहायचे होते, ते एकच राहिलो.

गोल घुमटाचे तिकीट २५ रुपये. मोबाइलवरून काढले तर २०, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आम्ही पाच जण तिकीटवाले, म्हणजे २५ रुपये वाचले. इब्राहीम रोजालाही तेवढेच. दोन्हीकडचे मिळून झाले ५०, त्यात सगळ्यांचा चहा निघाला. मोबाइलने आठ हजार नेले आणि पन्नास दिले, असे आम्ही कडवटपणे म्हणालो. भाचा हसला. "खाला, सुरीने बोट कापले म्हणून कांदा चिरायचे सोडतो का?"

मुले आणि भाचा घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर गेले. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६च्या सुमाराची. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. आतल्या सज्जात एका बाजूला कुजबुजले तर समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते, हे पुस्तकात वाचलेले मुलांना कानाने पडताळायचे होते. अम्मीचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते. आम्ही तिच्यासोबत बाहेर हिरवळीवर बसलो. डब्यातली पोळी-चटणी उघडली. आणि तिथे, कोणी विचारले नसताना, आम्ही अम्मीला सगळे सांगितले.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तरीच तू तीन दिवस नीट जेवली नाहीस. मला वाटले, मी आले म्हणून खर्चाची काळजी करतेस." आम्हाला रडू आवरले नाही. आम्ही लपवले ते पैशाचे नुकसान, आणि तिच्या मनात उभी राहिली होती दुसरीच गोष्ट. ती समजत होती की आपण लेकीच्या घरी जड झालो. पाच हजारांपेक्षा हे नुकसान मोठे होते आणि ते आणखी वाढायच्या आत थांबले, याबद्दल अल्लाहचे शुक्र.

पैसे आम्ही तिला परत करणार, हे तर ठरलेलेच. ती नको म्हणाली, आम्ही ऐकले नाही. तीन पगारांत फेडायचे आहेत, पहिला हप्ता दिला. आता तिचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत आणि त्या खात्याला यूपीआय जोडलेलेच नाही. मोबाइलला जोडलेले खाते निराळे, त्यात फक्त महिन्याच्या खर्चापुरते. ही भाच्याची रीत. कामाचे पैसे आले की तो त्याच दिवशी चार वाटण्या करतो. घरात द्यायचे, धंद्याचे म्हणजे लॅपटॉप, इंटरनेट आणि कराचे, मंदीच्या महिन्यांचे आणि उरले तर प्रवासाचे. प्रवासाची वाटणी रिकामी असेल तर तो जात नाही. हप्त्यावर प्रवास त्याने कधी केला नाही. दुलाभाईंना त्याच्या पाठीवरची पिशवी दिसते, या चार वाटण्या दिसत नाहीत. आम्हालाही दिसल्या नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये त्याला समजावायची वेळ आली. बीएडचा विषय आम्ही काढलाच नाही. काढले ते तीन प्रश्न. आजारी पडलास तर? साठीनंतर? ग्राहकांनी कापलेला टीडीएस परत मागतोस का? पहिल्या दोन्हींचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधी असतो, आजारपणाची रजा असते. स्वतःचे काम करणाऱ्याला ती स्वतःच उभी करावी लागते. तिसऱ्या प्रश्नावर तो चाचरला. दोन मोठे ग्राहक बिलातून कर कापतात हे त्याला माहीत होते. पण आपले उत्पन्न कमी म्हणून विवरणपत्र भरायचे कारण नाही, अशी त्याची समजूत होती. उत्पन्न कमी म्हणूनच तर भरायचे, कारण कापलेला कर परत मिळण्याचा रस्ता तोच. या महिन्यात तो सल्लागाराकडे जाणार आहे. म्हणजे प्रवासात त्याने आम्हाला एक शिकवले, आम्ही त्याला एक. हिशेब फिटला.

जाता जाता, उन्हाळ्यात लांब जाणाऱ्यांसाठी. रेल्वेचे आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला. तत्काळ आदल्या दिवशी, एसी डब्यांचे सकाळी १० वाजता आणि स्लीपरचे ११ वाजता. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना जागा असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो. म्हणून तिकीट काढताना वय अचूक लिहा. वय चोरण्यात फायदा नाही!

दुलाभाईंना आम्ही परवा फोन केला. म्हटले, मुलगा चिकटलेला आहे, फक्त आपल्याला खुर्ची दिसत नाही. ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "१९३०च ना तो नंबर? जरा पुन्हा सांगा, लिहून घेतो."

अल्लाह हाफिज. पुढच्या महिन्यात भेटू.